कव्हराच्या आतला फोन

द्या, द्या इकडे — नाही हो, तुमचा धक्का लागला म्हणून रागावलो नाही, पडायचा तो पडला — पण कव्हर निघालं ना! हे कव्हर मुद्दाम जुन्या मॉडेलचं आहे, आतला फोन अजून बाजारात यायचाय. झालं, बोलून बसलो! आता पाहिलाच आहे तर ऐका, पण गळ्याशपथ, कुणाला सांगू नका. मागची बाजू बघा. काच नाही, धातू नाही — चिनीमाती, चहाच्या कपाची असते तशी. हाताला किती छान लागते! कंपनीत माझं काम एवढंच, असला फोन खिशात घालून चारचौघांसारखं वावरायचं आणि मागची बाजू टिकते का ते सांगायचं. टिकत नाही. दोनदा कॅमेऱ्याजवळ तडा गेला, दोन्ही वेळा मीच ती नापास केली, आणि मॉडेलची तारीख पुढे गेली. तारीख येईपर्यंत तोंडाला कुलूप — बायकोलासुद्धा सांगायचं नाही, तशी सहीच घेतलीये. तिला वाटतं, मी वॉशिंग मशीनच्या विभागात आहे.

हसताय काय? अंघोळीला जाताना फोन बरोबर, झोपताना उशीखाली, तिनं नुसता हात पुढे केला की माझी धावपळ — काय समजेल हो कुठलीही बाई? हे दार दिसतंय ना, आत समुपदेशक बाई आहेत, आधी तिला एकटीला बोलावलंय, मग मला बोलावतील. सकाळीच म्हणाली, "आज त्यांच्यासमोर फोन माझ्या हातात दे, नाहीतर मी तिथूनच दादाकडे जाते." दिला तर नोकरी जाते, नाही दिला तर ती जाते. मी म्हटलं, महिनाभर थांब, सगळं सांगतो. गेल्या वर्षीही हेच म्हणालो होतो म्हणा — पण या खेपेला खरंच महिनाच उरला होता, ही बाजू पास होत आली होती —

एक मिनिट. जरा उजेडात धरा. कॅमेऱ्याच्या कडेला केस चिकटलाय का? पुसा ना. नाही जात? पुन्हा पुसा.

म्हणजे तडाच. आणखी सहा महिने. दडवून ठेवू? उद्या घरोघरी तडकतील हे, कुणाच्या तरी बोटाला कापेल. नाही जमणार मला. अहो, पण तुम्ही कुठे सही केलीये? तुम्ही सांगा ना तिला! तुम्ही पाहिलाय. "वहिनी, यात कुणी बाई नाही," एवढंच म्हणा, मी तिकडे तोंड करून उभा राहतो, मी काही ऐकलंच नाही — सांगाल ना?

दार उघडलं. फोन द्या, कव्हर द्या, लवकर — हं? हे? कुणी नाही गं. ओळख नाही आमची. किती वाजले, विचारत होते.