मोऱ्याची लाल पानं

आमच्या हिचं सांगतो. हिला व्हिसा नाकारला, आणि अमेरिकेतली लेक मात्र तिथल्या किनाऱ्यावरच्या, पानगळीत लाल झालेल्या झाडांचे फोटो पाठवत राहिली. ही नुसती धुमसत होती. शेवटी जानेवारीत एका सकाळी हिला गाडीने खारघरहून मोऱ्याच्या बंदरावर नेलं. तिथे एका कोळीणबाईंच्या अंगणात बदामाचं झाड लालभडक झालं होतं. ही फोटो काढू लागली.

"काय बगता?" बाईंनी झाडता झाडता विचारलं.

"पानं," मी ओशाळून म्हणालो.

"मंग गोनी भरून न्या. झाडून झाडून माजी कंबर मोडली हाय."

ही कित्येक दिवसांनी हसली आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"बघ, आमच्याकडेही लाल पानं आहेत."

लेक स्क्रीनच्या जवळ आली. मग म्हणाली, "आई, फोन जरा डावीकडे घे ना. बोंबील वाळत घातलेत ते दाखव."