तारेचा बाक

ज्योत्स्ना : रऊफचाचा, माया छोट्या विमानाच्या पंखातली तार सरळ कशी झाली?

रऊफ : मीच केली बेटा. तू पितळी पट्टी बसवाले पंख ठेवून गेली, मी तो भट्टीजवळ ठेवला, अन् तार आपोआप वाकली. म्हटलं, माया दुकानात बिघडली. तीनदा सरळ केली. ऊब लागली का परत वाकडी. लई हट्टी! मंग दोन्हीकून पकडीत आवळून लाल केली, तवा ऐकली.

ज्योत्स्ना : अरे देवा. चाचा, तिचं कामच ते होतं.

रऊफ : वाकडं व्हाचं?

ज्योत्स्ना : व्हय. भट्टीत तिले एकदा आकार शिकवला का तिच्या ध्यानात राह्यते. गार असली का पंख तिले सरळ ठेवते. बॅटरीनं तापली का आपल्या बाकावर येते, अन् पंखाची मागची कड संगं वळवते. मोटर नाई, बिजागरी नाई.

रऊफ : हे तर तुया बाबाच्या कीर्तनातलं झालं. मन गारठलं का जग वाकवील तसं वाकते, नामाची ऊब लागली का ठिकाणावर येते.

ज्योत्स्ना : माया तारेले तुमी ठिकाणच दुसरं शिकवून ठेवलं ना! उद्या अकराले नागपुरात परीक्षकांसमोर पंख वळला नाई, तर पीएचडीची जागा गेली. दुसरी तार याले आठ दिवस लागते.

रऊफ : या अल्ला. मंग हिलेच परत शिकव.

ज्योत्स्ना : किती लाल केली होती?

रऊफ : जेमतेम. शटर पाडून अंधारात तांबूस दिसे, तेवढी.

ज्योत्स्ना : मंग वाचली. पाचशे डिग्री, तेवढंच लागते. जास्त झालं का तार मेली. पण इथं मोजाले काय हाये?

रऊफ : काईच नाई. मी आता हात नाई लावत. एक गलती पुरे झाली.

ज्योत्स्ना : चाळीस साल मंदिरातल्या बाजाच्या पेटीच्या स्प्रिंगा तापवून राह्यले तुमी. एक तरी जळाली?

रऊफ : ते देवाचं काम, बेटा. तिथं डोळे सोताहून जपून पाह्यते.

ज्योत्स्ना : मंग आजही तसेच पाहा. तार बाकाच्या साच्यात आवळून चिमटा मी धरते. काढ म्हणाल तवा काढीन.

रऊफ : साचा नीट आवळला? ... थांब. अजून थांब. ... काढ! पाण्यात!

(ज्योत्स्ना तार पंखात बसवून बॅटरी जोडते.)

रऊफ : वळली?

ज्योत्स्ना : वळून राह्यली. थोडी थोडी.

रऊफ : घाई नको करू तिले.