हिवाळ्यापुरतं घर

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे; ला पालोमा या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात एप्रिल लागला की हवा गारठते आणि घरमालकांच्या अंगी एकाएकी भूतदया संचारते. बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या: बंगल्याची मालकीण नेलिदाबाई आणि घर शोधणारी गरोदर शिक्षिका यानिना.

"अगं, निम्म्या भाड्यात देतेय. वर खिडकीतून समुद्र!"

"समुद्र राहू द्या, बाई. भिंतींना ओल नाही ना?"

"बंद घराला बुरशी धरतेच. तू शेगडी पेटती ठेव, भिंती आपोआप सुकतील. लाकडं तेवढी तुझी."

"म्हणजे भिंती मी सुकवायच्या आणि भाडंही मीच द्यायचं?"

"जीभ बरी चालते हं तुझी! पण डिसेंबर लागायच्या आत घर रिकामं हवं. उन्हाळा सुरू झाला की ब्वेनोस आयरेसची मंडळी येतात. ती आठवड्याचं देतात तेवढं तू अख्ख्या हिवाळ्यात देणार नाहीस."

"सप्टेंबरात मी बाळंत होईन. तीन महिन्यांचं तान्हं घेऊन जाऊ कुठे?"

"आईकडे जा की!"

"आईसुद्धा हिवाळ्यापुरतीच भाड्याने राहते. तिलाही तेव्हाच निघायचंय."

"अगंबाई! पण एप्रिलमध्ये परत ये ना, घर काय पळून जातंय? आणि हो, जानेवारीत पाहुण्यांमागे झाडलोट करायला बाई लागेल. तुझ्या शाळेला सुट्टीच असते. शिवाय घरातलं सगळं तुला ठाऊक झालेलं असेल. येशील?"

"येईन की. कुठून येऊ, तेवढं सांगा."