'ट्रान्स'चं गाऱ्हाणं

आता तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक? कट्टा गावाजवळच्या एका शाळेत इंग्रजीच्या नोकरीसाठी माझा नमुना पाठ होता. शाळा कमिटीचे अध्यक्ष तात्या, गावचे मानकरी, मागच्या बाकावर बसले होते. विषय होता 'ट्रान्स'ने सुरू होणारे शब्द. कोणी नुसतं खोकलं तरी मी दचकते, त्यात ही नोकरी मला हवीच होती. घाबरून मी सगळं एका सुरात म्हणत सुटले.

"ट्रान्स हा मूळ लॅटिन, म्हणजे पलीकडे. ट्रान्सपोर्ट म्हणजे पलीकडे वाहून नेणं. ट्रान्समिट म्हणजे पलीकडे पाठवून देणं..."

मागून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात ते ह्याच सुरात. गावावरची पीडा वेशीपलीकडे ने, असं एकजण देवाला सांगतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. माझ्या हातातला खडू पडला. पुढच्या प्रत्येक शब्दाला अख्खा वर्ग ओरडायला लागला, "व्हय म्हाराजा!"

शेवटी तात्यांनीच मला ऑफिसात बोलावून शुद्ध मराठीत सांगितलं, "बाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. पण वर्गावर ताबा नाही. आम्ही दुसरी बाई बघतो."

माझा आवाज चढलाच. "पण तात्या, पहिले तुम्हीच ओरडलात ना!"

तात्या उलट माझ्यावरच चिडले. "मगे? पयलो आवाज मानकऱ्याचोच आसता गो!"