वर्तणुकीचा दाखला

रत्नागिरीच्या पोलीस कचेरीत माझ्या बाकावर दोघं बोलत होती.

“वहिनी, माझं बंदुकीचं काम. बागेत वानर आंबा ठेवत नाहीत मेले. तुमचं?”

“मुलाचं. न्यूझीलंडला असतो. तिथे बंदुकीचा परवाना काढतोय, त्याला इथला दाखला हवा.”

“तिथे कशाला बंदूक?”

“हरणं मारायला, म्हणतो. सारखा फोन, झालं का, झालं का.”

“नुसत्या कागदावर देतात?”

“छे! बायकोला एकटीला विचारतात, याच्या हातात बंदूक दिली तर भीती वाटेल का?”

“बरं करतात. मग सून काय म्हणाली?”

“ती इथेच आहे, शिमग्यापासून. माझ्याकडे, मिरजोळ्याला. त्याला वाटतं, माहेरी आहे.”

आतून हवालदार ओरडला, “ऋत्विकची आई कोण? सही करायला या!”

“वहिनी, तुम्हाला बोलावतायत.”

“ऐकलं मी.”