वाटाण्याएवढा केक

"आमच्या सात पिढ्यांत कुणाला ॲलर्जी झाली नाही!" दवाखान्याच्या बाकावरून आजोबांनी जाहीर केलं.

"बाबा, वांगं खाल्लं की तुमचीच जीभ खाजते."

"तो वांग्याचा दोष."

एवढं बोलून सून पुन्हा बाळाचे गाल न्याहाळू लागली. गेल्या वर्षी अंड्यानं त्याचा श्वास अडकला होता. आज डॉक्टरांसमोर घरून आणलेल्या अंड्याच्या केकचा वाटाण्याएवढा तुकडा भरवून पाऊण तास झाला होता.

"सिस्टर! लाल दिसतंय!"

सिस्टर धावत आल्या. "ही ॲलर्जीची गांध नाही, खरचटलंय. मुका कुणी घेतला?"

आजोबांनी दाढीचे खुंट चाचपले. "एकच."

"आणखी तासभर काही उठलं नाही, तर केकपुरती तरी ॲलर्जी गेली म्हणायची."

"तासभर?" सुनेनं केकचा डबा छातीशी धरला.

"सूनबाई, तोवर उरलेला मी खाऊ का?"