कोठीतून न दिसलेलं लग्न

(जालन्यातल्या मस्तगडात दीपमाला आणि मिथुन या नवरा-बायकोचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. हसनाबादच्या तुळजाबाई नातीच्या लग्नाची तबकडी, म्हणजे डीव्हीडी, न्यायला आल्यात, आणि सकाळपासून बाकावर बसून आहेत.)

मिथुन : नव्वद टक्के झालं होतं आणि मशीननं परत बाहेर थुंकली. ही बी तबकडी वाया.

तुळजाबाई : म्हंजे झाली का न्हाई?

दीपमाला : न्हाई मावशी. लिहिता लिहिता मधीच सोडून दिलं मशीननं. अहो, तुम्ही त्या ड्राइव्हला फुंकर मारू नका आता. त्यानं काय होणारे?

मिथुन : धूळ बसली असंल. मस्तगडातली धूळ तुला काय नवी आहे का?

दीपमाला : धूळ असती तर जुनी तबकडी तरी कशी चालली? सकाळीच ती भोकरदनच्या बारशाची लावून बघितली मी. बराबर चालली. वाचता येतंय, लिहिता येत न्हाई. म्हंजे ड्राइव्ह चांगलं आहे, सॉफ्टवेअरचाच घोळ आहे. काल काय टाकलं तुम्ही कॉम्प्युटरमधी?

मिथुन : काल काही न्हाई टाकलं.

दीपमाला : परवा?

मिथुन : ते एक टाकलं, फुकटातलं. तबकडी लावली की आधी फुलं उडत येतात, मंग नवरा-नवरीचं नाव येतं. गिऱ्हाइकाला बरं वाटतं. तुझ्या त्या जुन्यात निसतं निळं पान.

दीपमाला : आणि मला सांगितलं न्हाई. आता दोन्ही सॉफ्टवेअर त्या एकाच ड्राइव्हवर हक्क सांगून राह्यलेत. माझं लिहायला बसलं की तुमचं मधी हात घालतं.

तुळजाबाई : भांडण त्या डब्यातल्याचं हाये का तुमचं?

मिथुन : डब्यातल्याचं, मावशी.

दीपमाला : दोन्हीकडचं.

मिथुन : मावशी, एक सांगू का? पेनड्राइव्हमधी देतो टाकून. दोन मिनिटांचं काम. सगळे आता तेच नेतात.

तुळजाबाई : ते मह्या टीव्हीला लागत न्हाई, बापा. जावयानं दिलेलं ते तबकडीचं मशीन हाये मह्या खोलीत. झाकण उघडायचं, ठिवायची, बटण दाबायचं. तेवढं मला येतं. मोबाईलवर हाये की सगळं लग्न, नातवानं दाखवलं मला. बोटाएवढी नवरी पायल, नखाएवढा नवरदेव. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला, आन त्यो मोबाईल घेऊन भाइर गेला तो गेलाच. मंग म्या परत कव्हा इचारू? त्याच्या सवडीनं म्या लग्न पाहायचं का?

दीपमाला : पण तुम्ही तर लग्नातच होत्या ना मावशी? आम्ही शूटिंगला आल्तो तेव्हा चहा तुम्हीच दिल्ता.

तुळजाबाई : चहा दिल्ता तेवढाच. त्याच्याउपर कोठीत गेले ते पंगती उठूस्तोर तिथंच. सून म्हणली, आत्याबाई, कोठी तुम्हीच सांभाळा, दुसऱ्या कोणावर भरोसा न्हाई मला. तिचं बी खरं हाये. शेवटल्या पंगतीला बुंदी पुरली न्हाई तं गावात काय नाव निघतं, तुला ठावं हाये. मंग किल्ली कमरेला आन मी दारात.

मिथुन : दीपा, माझं काढून टाकलं बघ. झालं का समाधान? आता बंद करून चालू करतो.

दीपमाला : करा. मंग मावशी, हार घालताना तरी बाहेर यायचं होतं की घटकाभर.

तुळजाबाई : कशी येऊ? आत काय मी एकटी व्हते का? गोजरबाई पोळ्यांवर व्हती, शिवकन्या भाताच्या पातेल्यापशी, आणखी गल्लीतल्या बऱ्याच जणी. एक उठली की सगळ्या उठत्यात. भाइर भोंग्यावर मंगलाष्टकं चालू झाले, तं आम्ही आतूनच आयकलं. सावधान म्हणलं की मी अक्षता टाकल्या, त्या पडल्या बुंदीच्या टोपल्यावर. गोजरबाई म्हणली, बुंदीचं लग्न लागलं गं. इतक्या हसलो आम्ही, की भाइरून मानसं पाहायला आले, काय झालं म्हणून.

मिथुन : चालू झालं. आता... हे काय? आता तर ड्राइव्हच दिसून न्हाई राह्यलं.

दीपमाला : सरका. यादीत तर आहे की, पण त्याच्यावर पिवळा त्रिकोण आलाय. म्हंजे कॉम्प्युटरला ड्राइव्ह जोडलेलं कळतंय, पण चालवता येईना झालंय.

तुळजाबाई : पहिल्यापेक्षा जास्तच बिघडलं का मंग?

मिथुन : थोडंसं.

दीपमाला : लपवू नका त्यांच्यापासून. बिघडलंय मावशी. पण मला वाटतं कळलं काय झालंय ते. यांचं सॉफ्टवेअर गेलं, पण जाताना दाराला आपलं कुलूप तसंच ठेवून गेलं. माझं बी काढावं लागंल. दोघांची कुलपं काढल्याबिगर दार उघडत न्हाई.

मिथुन : तुझं? त्याच्यात तू तबकड्यांच्या सगळ्या कव्हरांची मांडणी करून ठेवलीस. दुकान उघडल्यापासूनची.

दीपमाला : मंग काय करू? मावशींना रिकाम्या हातानं पाठवू?

मिथुन : थांब, घाई नको करू. मांडणीची फाइल आधी पेनड्राइव्हवर घेतो. माझ्यामुळं तुझं जायला नको. ...हं, घेतली. आता काढ.

दीपमाला : काढलं. आता ती कुलपं. विंडोजच्या आतल्या नोंदीत दोन ओळी असतात, त्या पुसायच्या. चुकून तिसरी पुसली तर कॉम्प्युटरच उठायचा न्हाई, आणि आत अजून लोकांची लग्नं पडलेत.

मिथुन : त्या नोंदीची नक्कल काढून ठेवतो आधी. तू वाचत जा, मी बोट ठेवतो. एकमेकांना विचारल्याबिगर काहीच दाबायचं न्हाई.

दीपमाला : हे परवाच सुचलं असतं तर.

मिथुन : बराबर आहे तुझं. वाच.

तुळजाबाई : मी बोलत न्हाई आता. तुमचं चालू द्या.

दीपमाला : बोला की मावशी, तुमच्या बोलण्यानं काम अडत न्हाई माझं. गाडी किती वाजता तुमची?

तुळजाबाई : गाडी दुपारची. त्या कोठीतल्या सगळ्या दिवे लागायच्या आत येनार हायेत मह्याकडं. मीच सांगितलं त्यायला, आज पायलचं लग्न पाहायला या म्हणून. शिवकन्या तं लग्नाचं लुगडं नेसून येते म्हणली. त्या दिवशी कोनी पाह्यलंच न्हाई ना तिचं लुगडं.

मिथुन : ही ओळ ना?

दीपमाला : हीच. पुसा. आणि तिच्या खालची. बस. आता बंद करून चालू करा.

मिथुन : लाइट तरी जायला नको आता.

दीपमाला : चांगलं बोला.

मिथुन : आलं. त्रिकोण गेला, दीपा. ड्राइव्ह आलं बघ नावानिशी.

दीपमाला : मला पाहू द्या. ...हो, आलं. आता एकच सॉफ्टवेअर टाकायचं, दुसऱ्याला हात लावायचा न्हाई. तुमचं टाकायचं का माझं? मावशींनाच विचारा. फुलं पाहिजेत का निळं पान?

तुळजाबाई : फुलं काहून? लग्नात लई फुलं व्हती म्हणत्यात. मला मानसं दिसू दे.

मिथुन : झालं, तुझंच टाक.

दीपमाला : तोंड पाडू नका. फुलांचं चित्र मी माझ्यातच बसवून देईन, पुढल्या गिऱ्हाइकाला. हं, बसलं माझं सॉफ्टवेअर. टाका नवी तबकडी. चहा सांगा मावशींना.

मिथुन : सांगितला. ...पन्नास टक्के.

तुळजाबाई : मघाशी बी तुम्ही असंच म्हणत व्हते.

मिथुन : मघाशी दोघं होते मावशी, आता एकच आहे. ...नव्वद. ...पंच्याण्णव. झाली. या वेळी आपल्या मनानं बाहेर आली.

दीपमाला : टीव्हीवर लावून बघू, घरी गेल्यावर ताप नको. हे बघा, मंडप. हे नवरदेव सोमेश्वर, घोड्यावरून उतरून राह्यलेत. ही पायल आली. आता अंतरपाट धरतील. मावशी, पुढं या, तिथून दिसायचं न्हाई.

तुळजाबाई : थांबव.

दीपमाला : का हो? काही चुकलं का?

तुळजाबाई : न्हाई माय, लई चांगलं हाये. पण बंद कर. त्या बी आतच व्हत्या ना, त्यायच्या संगंच पाहीन.